जीआर निघाला का?

नोकरदाराचा महागाई भत्ता वाढला तर ते सर्वांत आधी नोकरदाराला कळतं. थकबाकी कितव्या महिन्यापासून, किती हप्त्यांत, त्यातले फंडात किती, हे सगळं तो झोपेतही सांगतो. दिव्यांगांच्या पेन्शनचं उलटं आहे. ती वाढणार असेल तर ज्याला मिळायची तो सोडून साऱ्या तालुक्याला आधी कळते. न्हाव्याला कळते, वडापवाल्याला कळते, लग्नात जिलबी वाढणाऱ्याला कळते. पानात जिलबी टाकता टाकता तो म्हणतो, "काय आप्पा, मज्जा हाय बाबा तुमची! सहा हजार केलं म्हनं सरकारनं." आप्पांच्या खात्यात त्या दिवशी पाचशे बारा रुपये असतात. पण जिलबीवाल्याचा सूर इतका ठाम असतो, की आप्पाच ओशाळतात आणि दुसरी जिलबी नको म्हणतात.

सहा हजारांचा आकडा अगदीच हवेतला नव्हता. जून 2025 मध्ये बच्चू कडूंनी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग आंदोलन केलं. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना 6000 रुपये मानधन द्या, ही त्यांची मागणी होती. मोझरीहून आमच्या तालुक्यापर्यंत येता येता त्या मागणीची घोषणा झाली, तहसीलसमोरच्या टपरीवर तिला मंजुरी मिळाली आणि बुधवारच्या बाजारात एकाने त्यातून घ्यायचा फ्रिजही बघून ठेवला. आंदोलन आठवडाभरात सुटलं. फ्रिज मात्र बरेच दिवस चर्चेत होता.

ही टपरी म्हणजे आमचं मंत्रालय. मी निवृत्त मास्तर. डावा पाय लहानपणी पोलिओत गेला, नोकरी अपंगांच्या कोट्यातून लागली आणि निवृत्त झाल्यावर टपरीचा अधिकृत वाचक झालो. अधिकृत म्हणजे चहाचे पैसे मी देत नाही. कुणाच्या मोबाइलवर काही आलं की फोन माझ्यापुढे येतो. "मास्तर, ह्ये बगा की जरा, खरं हाय का." मजकुराच्या डोक्यावर तीन तिरंगे, दोन गुलाल उधळणारी चित्रं आणि 'मोठी बातमी' असं लाल अक्षरांत. खाली, 'सर्व दिव्यांग बांधवांपर्यंत पोहोचवा.' तारीख नसते. तारीख असती तर ती बातमी झाली असती.

आप्पांचा उजवा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गुडघ्यापासून खाली गेला. तेव्हापासून तहसीलच्या कोपऱ्यावर त्यांची पानपट्टी आहे, आणि ते 'संजय गांधी'त आहेत. योजनेचं पूर्ण नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, चालू झाली 1980 साली. पण एवढं नाव घ्यायला कुणाला वेळ आहे? "ह्या म्हैन्यात संजय गांधी आला न्हाई," "माझा संजय गांधी आधार लिंकला अडकलाय," "भावजयचा संजय गांधी बंद झाला," असं आमच्याकडे चारचौघांत, कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्यासमोर बिनदिक्कत बोललं जातं.

या योजनेचे 600 होते, 2019 ला 1000 झाले, 2023 ला 1500. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, की दिव्यांगांना ऑक्टोबरपासून 2500 द्यायचे. मी ही बातमी पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली. टपरीवर कुणी टाळी वाजवली नाही. आप्पांनी चुन्याचं बोट पुसत फक्त विचारलं, "जीआर निघाला का?"

हा प्रश्न आमच्याकडे पोरंसुद्धा विचारतात. निवडणुका पाहून पाहून माणसं शहाणी झाली आहेत. मागणी म्हणजे नुसतं स्थळ सांगून येणं. घोषणा म्हणजे पोहे खाऊन झाले. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे सुपारी फुटली. जीआर निघाला म्हणजे पत्रिका छापली, आणि पत्रिका छापल्यावरही मोडलेली लग्नं आपण पाहिली आहेत. अक्षता पडतात त्या निधी वितरणाचा दुसरा जीआर निघतो तेव्हा. मधल्या काळात वधूपित्याची जी अवस्था असते ती आमच्या टपरीची वर्षातले सात-आठ महिने असते.

जीआर मात्र निघाला की बघावा. 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशा थाटात संपतो. आप्पांना हे वाक्य फार आवडतं. एक हजार रुपये वाढवायला साक्षात राज्यपाल, ही गोष्ट त्यांनी पानाच्या गिऱ्हाइकांना कितीदा सांगितली असेल! केंद्र सरकारला एवढी दगदग परवडत नसावी. ज्यांचं दिव्यांगत्व 80 टक्क्यांच्या वर आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत, त्यांना केंद्र स्वतःचा वाटा म्हणून 300 रुपये देतं, आणि तो 2012 पासून 300 च आहे. आमच्या सगळ्या व्यवहारात अनिश्चितता नसलेला हा एकच आकडा. त्याच्याबद्दल आजवर एकही अफवा उठलेली नाही.

रिकामपणी मी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचायला घेतला. निवृत्त माणसाने वाचू नयेत अशा काही गोष्टी असतात, त्यातली ही एक. कलम 24 मध्ये लिहिलंय, की अशा योजनांत इतरांना जेवढी रक्कम मिळते त्यापेक्षा दिव्यांगांना निदान 25 टक्के जास्त दिली पाहिजे. 2023 ला विधवा, निराधार, दिव्यांग, सगळ्यांना सरसकट 1500 होते. मी टपरीवर हिशेब मांडला. पंधराशेवर पंचवीस टक्के म्हणजे अठराशे पंचाहत्तर. सगळे गप्प झाले. जरा वेळाने आप्पा म्हणाले, "म्हंजे म्हैन्याला तीनशे पंचाहत्तर रुपये कुनाकडं तरी हायत." मी म्हटलं, कायद्यात हायत. "मग कायद्याचा खाते नंबर द्या," आप्पा म्हणाले.

आता 2500 झाल्यावर हिशेब कायद्याच्या पुढे गेला, हे कबूल. पण कायदा पाळायला नऊ वर्षं लागली आणि तो पाळला गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. सरकारच्याही आलं असेल असं मला वाटत नाही.

पेन्शनच्या आधी टक्के येतात. चाळीस टक्क्यांच्या खाली तुम्ही लंगडत असाल, पण सरकारदरबारी तो तुमचा खासगी छंद असतो. हल्ली वैश्विक ओळखपत्र मिळतं त्यालाही रंग आहेत. चाळिसाच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशीच्या वर निळं. पांढरं कार्ड घेऊन येणाऱ्याकडे टपरीवर जरा करुणेने पाहतात. बिचाऱ्याला आहे तेवढंसुद्धा नीट जमलं नाही.

एकाच माणसाला दोन व्यंगं असतील तर बेरीज करतात, पण ती आपल्या शाळेतली बेरीज नव्हे. मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून या विषयात मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे. आमच्याकडचा एक पोरगा पायाने 30 टक्के आणि कानाने 10 टक्के. बापाने बोटांवर मोजलं, चाळीस! पेढे आणले. बोर्डाने लिहिलं 37. कारण सूत्र असं आहे: नव्वदातून मोठा आकडा वजा करा, त्याला लहान आकड्याने गुणा, नव्वदने भागा आणि मोठ्या आकड्यात मिळवा. साठ गुणिले दहा, भागिले नव्वद, पावणेसातच्या आतबाहेर. यामागे शास्त्र आहे, शंभर टक्क्यांच्या वर माणूस जाऊ नये अशी व्यवस्था आहे, हे सगळं मी त्या बापाला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मास्तर, कान पंधरा टक्के असता तर?" मी मांडून बघितलं. बरोबर चाळीस आले. त्याने पोराच्या कानाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला आवडली नाही. पोराला घरी पाठवून दिलं.

मध्यंतरी टक्क्यांना आणखी वाईट दिवस आले. 2024 साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं, आणि पुढच्या वर्षी राज्यात सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी निघाली. तपासणीला माझा विरोध नाही. खोट्या दाखल्यावर खऱ्याची जागा खाणारे आहेत, आणि त्यांचा राग आम्हाला इतरांपेक्षा जास्त येतो. पण चोर शोधायला निघालेला माणूस वाटेत भेटेल त्याच्याकडे चोर म्हणूनच बघतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला कमी ऐकू येतं. त्याला फेरतपासणीला बोलावलं होतं. आत गेल्या गेल्या डॉक्टरांनी विचारलं, "ऐकू येत नाही म्हणता, मग बाहेर नाव पुकारल्यावर आत कसे आलात?" हे वाक्य त्यांना तीनदा, चढत्या आवाजात विचारावं लागलं. चौथ्यांदा ते कागदावर लिहून दिलं तेव्हा सहकारी म्हणाला, "शेजारच्यानं ढोसलं, साहेब." शेजारचा डोळ्यांनी अधू होता. दोघांचं मिळून काम झालं होतं, पण तशी बेरीज सूत्रात बसत नाही.

टक्के ठरले, पेन्शन चालू झाली, तरी दर वर्षी आपण हयात आहोत हे पटवून द्यावं लागतं. पूर्वी त्यासाठी तलाठी किंवा बँकेतले साहेब तोंडाकडे बघून खात्री करायचे. आता मोबाइलचा कॅमेरा बघतो. सेवा केंद्रातला पोरगा एका अंध आजोबांसमोर फोन धरून बसला होता. फोन म्हणत होता, डोळ्यांची उघडझाप करा. आजोबांचे डोळे लहानपणी देवीत गेलेले. पोरगं वैतागून म्हणालं, "आजोबा, डोळा मारा डोळा!" आजोबा सावध झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "कुनाला?"

ही गंमत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि पापण्या भाजलेल्या स्त्रियांना, तसंच अंध व्यक्तींना या उघडझापीमुळे केवायसी करता येईना, म्हणून ते न्यायालयात गेले. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि जिवंतपणा तपासायचे दुसरे मार्ग ठेवा, कागदावरची केवायसीही चालू ठेवा. निकाल सेवा केंद्राच्या भिंतीवर चिकटवावा असा माझा विचार होता. पण त्या भिंतीवर 'सर्व्हर डाऊन आहे, वाद घालू नये' हा कागद कायमचा चिकटवलेला आहे आणि शेजारी जागा नाही.

बायकांचा पेच वेगळाच. भाजीवाल्या मावशींचा एक हात जन्मापासून अधू. त्या संजय गांधीत. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजना आली, तीही 1500 ची. नियम असा, की दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 मिळत असतील तर तुम्ही लाडक्या नाही. पुढे निवडणुकीत लाडकीचे 2100 करू असं आश्वासन आलं आणि मावशींची झोप उडाली. निराधार राहावं का लाडकी व्हावं? सहाशे रुपयांचा फरक. सून म्हणाली, लाडकी व्हा. मुलगा म्हणाला, निराधारच बरं, ते कायमचं असतं. माझ्याकडे आल्या तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीने म्हटलं, "जीआर निघू द्या." 2100 काही आले नाहीत आणि दिव्यांगांचे 2500 झाले, तेव्हा मावशींनी मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. "बरं झालं बाई निराधारच ऱ्हायले," असं त्या बाजारात ज्या आनंदाने सांगत होत्या, तो ऐकून एक परगावचा माणूस थबकला होता.

ऑक्टोबर उलटला आणि पैसे यायला लागले. यायला लागले म्हणजे कुणाला 2500 आले, कुणाला 1500, कुणाला काहीच नाही. ज्याला पंचवीसशे आले तो जास्त घाबरला. पंधराशेवाल्याचं बरं, त्याच्याकडे निदान तक्रार होती. कुणी म्हणालं, ओळखपत्राचा नंबर पोर्टलवर चढला नसेल. कुणी म्हणालं, आडनावांच्या क्रमाने चाललंय. चहावाला म्हणाला, ज्याचा मेसेज पुढं पाठवायचा राहिला त्याचे अडकलेत. तीन अंदाजांत हा शेवटचा सगळ्यांना पटला.

त्यात आप्पांनी नवा प्रश्न काढला. दिव्यांगांना या योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत लागतं. पंचवीसशे गुणिले बारा, तीस हजार झाले पेन्शनचे. पानपट्टीचे वीस हजारांच्या वर दाखवलेत. "आता पेन्शन जर उत्पन्नात धरली, तर पेन्शन मिळाल्यामुळं मी पेन्शनला अपात्र. मग पेन्शन बंद. बंद झाल्यावर उत्पन्न कमी. म्हंजे पुन्ना पात्र. बराबर हाय का मास्तर?" गणित बरोबर होतं. आम्ही दोघं तसेच कचेरीत गेलो. टेबलावरच्या कारकुनाने आप्पांचं पूर्ण ऐकून घेतलं, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा, हे असलं कुणाच्या डोक्यात घालू नका. अजून वर कुणाला सुचलं नाही." इतका प्रामाणिक सल्ला सरकारी टेबलावरून मला तरी पहिल्यांदाच मिळत होता. आप्पांनी त्याला मसाला पान पाठवून दिलं.

तरी वाढीव हजाराला हात लावायची कुणाची छाती होईना. पुढेमागे 'चुकून जमा झाले, परत भरा' म्हणाले तर? वसुलीच्या नोटिशीच्या कथा प्रत्येक गावात असतात. कुणाच्या तरी चुलत्याच्या असतात, पण असतात. म्हणून पंचवीसशेवाल्यांनी एक पद्धत पाडली. पंधराशे काढायचे, हजार खात्यातच ठेवायचे. सरकारने वाढ दिली होती, ती सगळ्यांनी मिळून सरकारसाठी सांभाळून ठेवली होती. औषधाची चिठ्ठी खिशात घेऊन हिंडणारी माणसं हजार-हजार रुपयांना हात लावत नव्हती. मावशींनी तर पासबुक देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

आणि एका सकाळी आप्पांच्या मोबाइलवर मेसेज आला. खात्यातून 20 रुपये वजा.

दहा मिनिटांत ही बातमी एसटी स्टँडपर्यंत गेली. वसुली चालू झाली! आधी वीस-वीस कापणार, मग शंभर. चहावाल्याने आपली थकलेली उधारी तेवढ्यात मागून घेतली. मावशी भाजीची पाटी तशीच टाकून पासबुक आणायला घरी धावल्या. ज्या पोराचे सदतीस टक्के भरले होते त्याचा बाप म्हणाला, "मी म्हनलंच हुतं, आपलं न्हाई झालं त्येच बरं झालं." आप्पा मात्र शांत होते. म्हणाले, एवढ्या स्वस्तात सुटत असंल तर वीस रुपये जाऊ द्या.

मी त्यांना घेऊन बँकेत गेलो. काउंटरवर नुकताच लागलेला एक तरुण होता. त्याने संगणकात पाहिलं आणि हसला. आप्पांनी मागच्या खेपेला केवायसीच्या कागदांबरोबर आणखी एका फॉर्मवर सही केली होती. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. वर्षाला 20 रुपये. वसुलीबिसुली काही नाही, अपघाताचा विमा आहे.

आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना एखाद्या सरकारी गोष्टीचं उत्तर जागच्या जागी मिळत होतं. त्यांनी कुबडी काउंटरला टेकवली आणि सगळं नीट समजावून घ्यायला सुरुवात केली. अपघाती मृत्यू आला तर? दोन लाख, वारसाला. दोन्ही पाय गेले तर? दोन लाख. आणि एकच पाय गेला तर?

"एक लाख," तरुण म्हणाला.

आप्पांनी खाली पाहिलं. मग वर पाहिलं.

"कुठला धरता?"

तरुणाने फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तो उठून आत साहेबांना विचारायला गेला, आणि आम्ही बाकावर बसलो.